गराशाची जागा

१२ ऑक्टोबर १९६४, दारव्हा

गराशाच्या वीर्याचा थेंब आज तिसऱ्यांदा नापास झाला. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरून डोळा लावला तेव्हा वाटलं, काच पुसायची राहिली. पुसून पुन्हा पाहिलं. चांगल्या वळूच्या थेंबात जीव असे धावतात की बघणाऱ्याला भोवळ यावी. इथे चार-दोन रेंगाळत होते आणि बाकीचे निपचित पडलेले.

दुसऱ्या कुणाचा वळू असता तर मी एवढा हललो नसतो. गराशा आमच्या बंजारा तांड्याचा आहे. सेवालाल महाराजांच्या नावानं सोडलेला. त्याच्या मानेवर कधी जू आलं नाही की पाठीवर गोणी आली नाही. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे तेव्हाही असा एक बैल मोकळाच पुढे चालायचा म्हणतात. आमच्या कृत्रिम रेतन केंद्राला चांगला गावरान वळू हवा होता, तेव्हा मीच साहेबांपुढे छाती काढून म्हणालो, आमच्या तांड्यात आहे. मग धावजीकाकाच्या पाया पडून तो मागून आणला. काकानं त्याला वासरू असल्यापासून वाढवलं आहे. पोळ्याच्या महिनाभर आधी तो इथे आला. पहिले दोन महिने त्याचा थेंब असा होता की साहेबांनी स्वतः डोळा लावून 'वा' म्हटलं. साहेबांना 'वा' म्हणता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता काय बिनसलं? चारा तोच, सरकीची पेंड तीच, पाणी तेच. तांड्यातला पहिला सरकारी नोकर म्हणून मला केवढा मान, आणि त्याच माणसानं देवाचा बैल आणून नापास करवला असं झालं तर तोंड कुठे लपवू?

रात्री जेवण गेलं नाही. हंसा भाजीत तेल फार घालते. लग्नाला पाच वर्षं झाली, पाच वर्षं हेच सांगतो आहे.

१५ ऑक्टोबर

आज बाजार. बाजाराच्या दिवशी इथे दोन गोष्टी ठरलेल्या. शेजारच्या गुरांच्या दवाखान्यात शेतकरी आपले गोऱ्हे खच्ची करायला आणतात, आणि यवतमाळहून साहेबांची जीप येते. वळणावर जीपचा भोंगा वाजला की माझं पोट आवळतं आणि तळहातांना घाम येतो. साहेब वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज मोठा आहे आणि माझी नोकरी हंगामी आहे. पाच वर्षांपूर्वी, लग्नाच्या सुमारास, माझ्या सायकलवरून थर्मास पडून फुटला आणि एका अख्ख्या गावाच्या गाईंसाठीचं वीर्य मातीत गेलं. तेव्हापासून दर भेटीत साहेब सगळ्यांदेखत विचारतात, 'राठोड, पुन्हा बैलं हाकायला जायचंय का?' मी हसतो. न हसून कसं चालेल?

आज गराशावरून त्यांनी जरा जास्तच सुनावलं. सुधारणा झाली नाही तर फुलसावंगीला टाकतो म्हणाले. तिथे नवं उपकेंद्र उघडलं आहे आणि कुणी जायला तयार नाही. पावसाळ्यात रस्ता बंद, जीपसुद्धा जात नाही.

जीप गेल्यावर हंसा डबा घेऊन आली. मी जेवत नाही असं पाहून तिनं मायक्रोस्कोपकडे बोट केलं आणि 'मले दाखवा ना' म्हणाली. वर्ध्याकडून आलेल्या दुसऱ्या वळूचा ताजा थेंब होता. तिनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ हललीच नाही.

'मायबाई,' ती म्हणाली, 'हा तं दारव्ह्याचा बाजार भरून राह्यला.'

मला हसू आलं. मग मी गराशाची काचपट्टी दाखवली. तिनं तीही पाहिली. डबा उघडून तिनं तेलाचा तवंग चमच्यानं काढला आणि भाजी माझ्यापुढे सरकवली. नंतर उलटी झाली ती तिच्या देखत झाली नाही हे बरं झालं.

२६ ऑक्टोबर

हंसाला घेऊन यवतमाळला लेडी डॉक्टरकडे गेलो होतो. ही तिसरी फेरी. बाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, हिच्यात काहीच दोष नाही. मी विचारलं, मग औषध? तर म्हणतात, पुढच्या वेळी तुम्ही या. मी म्हटलं, मी आलोच आहे की. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या तपासणीचं बोलते आहे.

मी म्हटलं, एस.टी. सुटेल. दवाखान्यात एकदा पाय ठेवला की हे लोक घरातल्या मांजरालाही तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. मला काय झालं आहे? भर उन्हात सायकलवर थर्मास बांधून बोरी-अरबपर्यंत जातो, पोरं मागे ओरडतात, 'बाटलीतला वळू आला', तरी दम लागत नाही. झोप तेवढी येत नाही. खाटेची नवार ढिली झाली आहे, ती आवळून घ्यायला हवी.

एस.टी.त हंसा खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरबाईंचं बोलणं तिनं ऐकलं होतं. मला काही म्हणाली नाही. चांगली बाई आहे ती.

५ नोव्हेंबर

दिवाळीला तांड्यात गेलो होतो. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, पुऱ्या तळल्या आणि शेजारच्या मानीबाईच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली. जाईपर्यंत तो तिच्या मांडीवरच होता. याडी तांड्याच्या बोलीत बोलते, तांड्यातलं बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहितो. ती म्हणाली, या होळीला याची धुंड आहे.

धुंड ही आमच्याकडची रीत. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला त्या घरी होळीला सारा तांडा जातो. गेरिये, म्हणजे होळीची गाणी म्हणणारे, काठ्या आपटत गातात, बाळाला मधे बसवतात. आमच्या दारावरून ही मिरवणूक पाच होळ्या तशीच पुढे गेली. याडी दरवर्षी दारात उभी राहून बघते. मी तिला दोष देत नाही. बा गेल्यावर तिला दुसरं आहे काय?

पण तिनं आज नायकाचं नाव काढलं तेव्हा मला हातातला घास ठेवावा लागला. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, लालसिंगकाका. ती त्यांच्याशी बोलून आली आहे. होळी झाली की नसाब बसणार, म्हणजे तांड्याची पंचायत. सरकारी माणसाला दुसरी बायको करता येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून हंसाला आधी मोकळी करायची. मग दुसरी.

'हंसा वाईट नाई,' याडी म्हणाली, 'पन कूस नाई तिले. मी काय करू?'

हंसा चुलीपाशी होती. तिच्या हातातली पुरी वेळेवर उलटली, जळली नाही, एवढं मी पाहिलं. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. याडीसमोर माझी जीभ साहेबांसमोर होते तशीच होते.

परतताना वाटेत हंसानं एकच विचारलं, फुलसावंगी कशी आहे. मी म्हटलं, शिक्षा म्हणून पाठवतात तिथे, पावसाळ्यात जीपही पोचत नाही. 'जीप पोचत नाई?' तिनं पुन्हा विचारलं.

१९ नोव्हेंबर

सापडलं. स्वतःची पाठ थोपटून घेतो, दुसरं कोण थोपटणार?

आज बाजार. मी गराशाच्या गोठ्यातच बसलो होतो. पलीकडे दवाखान्याचं आवार, मधे फक्त कुडाची भिंत. तिकडे पहिल्या गोऱ्ह्याला पाडलं, चिमटा लावला, तो हंबरला. इकडे गराशाच्या कातडीवर माशी बसल्यासारखी थरथर पळाली. कान ताठ, डोळ्यांत पांढरं. दुसरा गोऱ्हा हंबरला तेव्हा तो दावं ओढत मागच्या भिंतीला जाऊन टेकला आणि शेण पातळ झालं. सायंकाळपर्यंत पेंडीला तोंड लावलं नाही. म्हणजे पोळ्याच्या आधीपासून दर बाजाराला हा प्राणी हे ऐकतो आहे. आणि नुसतं बाजाराला नाही. रोज सकाळी त्या बाजूचं फाटक वाजलं की तो असाच ताठ होतो, हे मी आधीही पाहिलं होतं पण त्यात काही आहे असं वाटलं नाही.

लगेच त्याला हलवलं. कडब्याच्या गंजीमागे, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली. तिथून दवाखाना दिसत नाही, ऐकूही येत नाही. धावजीकाकाला निरोप धाडला आहे की बाजाराला आला की त्याच्याजवळ बसत जा.

साहेबांना हे कळलं नाही, कारण जीप आली तेव्हा मी परसाकडे होतो. हल्ली बाजाराच्या दिवशी पोट हमखास बिघडतं.

१० डिसेंबर

तीन आठवडे होऊन गेले. गराशा आता पेंड खातो, रवंथ करतो, काका आला की मान लांब करतो. पण थेंब तसाच. उलट थोडा आणखी वाईट. म्हणजे माझा शोध चुकला. भीती वगैरे काही नव्हतं, जनावरातच मुळात खोट.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी स्वतःच म्हणालो, वळू नाकारावा. त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. नियम असा आहे की नाकारलेला वळू परत देण्याआधी खच्ची करायचा, म्हणजे त्याचं वाईट बी गावात पसरत नाही. महिनाअखेरीला चिमटा.

काकाला अजून सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

मी केवढी घाई केली.

यवतमाळला आम्हा सगळ्या स्टॉकमनांचा, म्हणजे केंद्रांवर रेतनाचं काम करणाऱ्यांचा, वर्ग होता. नागपूरहून डॉक्टर विठ्ठलराव आले होते, पांढऱ्या मिशांचे, बोलताना खडू बोटात फिरवत राहणारे. त्यांनी फळ्यावर मूत्रपिंड काढलं आणि त्यावर टोपीसारखी छोटी ग्रंथी काढली. म्हणाले, जनावर भ्यालं की ही ग्रंथी रक्तात रस सोडते. पळायला, लढायला तो रस लागतोच, त्यावाचून जीव वाचत नाही. भीती गेली की रस ओसरतो. पण भीती रोजचीच झाली तर रस ओसरत नाही, आणि मग शरीर हिशेब करतं की आधी जीव वाचवू, वंशाचं नंतर पाहू. मेंदूकडून वृषणाला जो निरोप जायचा तो कमी होतो. वृषणात काही पेशी नर रस घडवतात आणि काही पेशींतून बीज तयार होतं. दोन्हींचं काम मंदावतं, अर्धवट बीजं तिथेच मरून जातात. 'घराला आग लागली असताना कुणी पाळणा विणत बसत नाही,' असं म्हणाले.

मी हात वर केला आणि गराशाचं सगळं सांगितलं. भीती दूर करून तीन आठवडे झाले, तरी फरक नाही असं म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की एका बीजाला तयार होऊन बाहेर यायला दोन-सव्वादोन महिने लागतात.

'तुम्ही आज काचेखाली पाहता ती दोन महिन्यांपूर्वीची बातमी आहे,' ते म्हणाले.

माझ्या कानशिलाशी गरम झालं. पहिले दोन महिने थेंब चांगला होता, कारण ते बीज तांड्यात, काकाच्या हाताखाली तयार झालं होतं. नंतरचं वाईट, कारण ते कुडाच्या भिंतीशी तयार झालं. आणि आता जे वाईट दिसतं तेही त्या भिंतीचंच. बाभळीखालचं बी अजून यायचं आहे. इतकं सोपं. आणि मी त्याला नाकारून बसलो.

१७ डिसेंबर

साहेबांना सांगितलं. बोलताना आवाज फाटला, पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, विठ्ठलरावांचं नाव आल्यावर थोडं नीट ऐकलं. जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली. मग म्हणाले, 'नाही सुधारला तर चिमटा तू लावायचा, राठोड. तुझ्या हातानं.'

धावजीकाका तेव्हा बाभळीखाली गराशाच्या गळ्याखालची पोळी खाजवत होता. त्यानं ऐकलं असेल. तो खाजवत राहिला.

३ जानेवारी १९६५

आज रविवार. हंसाला बसवून सगळं समजावून सांगितलं, ग्रंथी, रस, पेशी, दोन महिने. पाटीवर चित्रही काढलं. मला शिकवायला आवडतं, मास्तर व्हायला हवं होतं. ती ओंजळीत हनुवटी ठेवून ऐकत होती.

'मानसाचं बी असंच रायते काय?' तिनं विचारलं.

मी म्हटलं, अगदी तसंच. तीच ग्रंथी, तोच रस. काळही जवळजवळ तेवढाच, थोडा जास्त.

'मंग?'

मग काय, मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं ती काय विचारते आहे, आणि मी चिडलो. माणूस म्हणजे काय वळू आहे का, असं म्हणालो. पाटी पुसून टाकली. ती उठून भाकरी करायला गेली.

आता लिहिताना वाटतं, एवढं चिडायचं कारण नव्हतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. नऊ वाजता सगळे घरी गेले. केंद्र रिकामं होतं, किल्ली माझ्याकडे होती. दार लावून घेतलं. जे करायचं ते केलं. काचपट्टी कोमट केली, वर पातळ काच ठेवली, एरवी ठेवतो तशी.

या डोळ्यानं हजारो थेंब पाहिले असतील. एका नजरेत पास-नापास सांगतो. आजही एका नजरेतच कळलं. बाजार उठून गेल्यावरचं मैदान. एखादा उगाच गोल गोल फिरणारा, एखाद्याची शेपटी मुडपलेली, बाकी सामसूम. वळूचा असता तर मी क्षणभरही थांबलो नसतो, वहीत लिहून मोकळा झालो असतो.

म्हणजे मी. पाच वर्षं मी.

काचपट्टी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. बाहेर येऊन गराशाजवळ बसलो. त्यानं माझा हात चाटला, मीठ असतं म्हणून. खूप वाईट वाटलं. हंसाला तीनदा यवतमाळला नेलं मी. त्या टेबलावर तिला तीनदा झोपवलं.

२८ जानेवारी

गराशा पास. नुसता पास नाही, पहिल्यासारखा. साहेबांनी डोळा लावला, 'वा' म्हणाले, नाकारल्याचा कागद फाडला. धावजीकाका डोळे पुसत होता आणि मला आशीर्वाद देत होता.

मला आनंद झाला, खरंच झाला. पण अर्धाच. याला भीती होती, ती काढली, सुटला. माझ्यात तर जन्माचीच खोट असणार. मला कुणी कुडाच्या भिंतीशी बांधलेलं नाही.

जीपचा भोंगा आज जरा फारच कर्कश वाजला. साहेब खूश होते, तरी घरी आल्यावर उलटी झाली. तेलच असणार.

२ मार्च

हंसाला अजून सांगितलं नाही. रोज ठरवतो, रोज उद्यावर ढकलतो. ती होळीसाठी तिचा फेटिया-कांचळी, म्हणजे आमच्याकडचा घागरा-चोळी, काढून बसली आहे, गळालेले आरसे पुन्हा शिवते आहे. इथे ती लुगडं नेसते, तांड्यात जाताना फेटिया. आज मला म्हणाली, नसाबमध्ये नीटनेटकं उभं राहावं. निरोप घ्यायचा तर तो चांगल्या कपड्यांत घ्यावा.

मी घराबाहेर निघून गेलो. मला तिच्यावाचून राहायचं नाही. हे इथे लिहिलं तरी बरं वाटलं. तिला कधी म्हणालो नाही.

१९ मार्च, तांडा

सगळं आठवेल तसं लिहितो.

परवा होळी पेटली. काल धुंड झाली, मानीबाईच्या नातवाची. गेरिये काठ्या आपटत आमच्या दारावरून गेले. याडी दारात उभी होती आणि हंसा तिच्या मागे, आरसे चमकत होते. आज सकाळी लिंबाखाली नसाब बसली. नायक लालसिंगकाका मधे, सात-आठ म्हातारे, बाजूला बाया. याडीनं आपलं म्हणणं मांडलं. तिचा आवाज कापत होता. तिलाही हे गोड लागत नव्हतं.

नायकानं मला विचारलं, तुझं काय?

मी उभा राहिलो. मग नजर धावजीकाकावर गेली. मला वाटलं, देवाच्या बैलासाठी मी साहेबांपुढे तोंड उघडलं, मग हिच्यासाठी का नाही?

'खोट हंसात नाई,' मी म्हणालो. 'माह्यात हाय. म्या माह्या डोयानं पाह्यली, ज्या काचेतून गराशाची पाह्यली त्याच.'

याडीनं पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्यांपैकी एकानं खाकरून खाली पाहिलं. मी पुढे काय बोललो ते धड आठवत नाही. हंसाला तीनदा डॉक्टरकडे नेलं आणि स्वतः एकदाही गेलो नाही, एवढं बोललो असेन.

मग झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नायक माझ्याकडून वळले आणि हंसाकडे पाहू लागले. आमच्यात रीत आहे. खोट नवऱ्यात निघाली तर बाईला मोकळं व्हायचा हक्क असतो, तिला विचारतात. लहानपणापासून मला ही रीत माहीत होती. ती माझ्या घराला लागू होईल हे सुचलं नव्हतं. आजवर मी समजत होतो की तिला ठेवायचं की नाही हे मी ठरवणार आहे.

'बाई, तुले काय वाटते?' नायकानं विचारलं. 'जायाचं असन तं कोनी आडवनार नाई.'

हंसानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. मला वाटलं ती जाईल. तिनं जावं असंही क्षणभर वाटलं.

'गराशाले भितीपासून हालवलं तं तो सुधारला,' ती म्हणाली. 'ह्यायले कोनी हालवलं? पाच सालापासून पाहून राह्यली. जीपचा भोंगा वाजला का हे जेवत नाई, वकतात, रातभर कड बदलतात. मले म्हनतात तेल जास्त हाय. तेल काढून टाकलं म्या, पार पान्यातली भाजी देल्ली, तरी वकतात. सायेब सोता बांधलेला हाय ह्यायच्या उशाशी.'

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

'मी जात नाई,' ती म्हणाली. 'आदी ह्यायची जागा बदलून पाह्यतो. मंग इचारा मले.'

मी तसाच उभा होतो. विठ्ठलरावांचा वर्ग मी लक्ष देऊन ऐकला होता. हिला पाटीवर चित्र काढून शिकवलं होतं. गराशाच्या कातडीवरची थरथर मला दिसली, आणि माझ्या स्वतःच्या पोटाचं मी तेलावर ढकलत राहिलो. लाज वाटली, आणि त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, नायकाकडे पाहत होती.

नायक म्हणाले, पुढच्या होळीपर्यंत नसाब बसणार नाही. याडी उठली, हंसाजवळ गेली आणि तिच्या बाहीचा निसटलेला आरसा बोटानं दाबून बसवू लागली. तो बसत नव्हता, तरी दाबत राहिली.

२ एप्रिल, दारव्हा

साहेबांना अर्ज दिला. त्यांनी दोनदा वाचला. 'फुलसावंगी? राठोड, ती मी धमकी म्हणून वापरतो,' म्हणाले. मी म्हटलं, होय साहेब, तीच पाहिजे. त्यांनी मान हलवत सही केली आणि सही करता करता विचारलं, तिकडे जुना मायक्रोस्कोप आहे, चालेल का? चालेल म्हटलं.

गराशा इथेच राहील, बाभळीखाली. धावजीकाका दर बाजाराला येणार आहे. निघताना हंसानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

४ जुलै, फुलसावंगी

इथे येऊन तीन महिने होत आले. पाऊस लागला आणि रस्ता बंद झाला. उन्हाळ्यातही साहेब इतक्या लांब आले नाहीत, आता तर वरचं कुणीच येत नाही, टपालही बैलगाडीनं येतं. लोक चांगले आहेत, इथेही पोरं 'बाटलीतला वळू' म्हणतात. ते शब्द माझ्या आधी इथे कसे पोचले कोण जाणे. खाट तीच आणली, नवार अजून ढिलीच आहे, आणि मी रात्री पडलो की सकाळी उठतो. हंसा पुन्हा पहिल्यासारखं तेल घालू लागली आहे. भाजी उत्तम होते.

परवा सडकेवर एका ठेकेदाराची जीप चिखलात रुतली आणि त्यानं जोरात भोंगा वाजवला. मी जेवत होतो. हंसानं हातातली पळी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिसरी भाकरी मागितली. का पाहिलं ते भाकरी संपल्यावर कळलं.

आज सकाळी तिनं विचारलं, दोन महिन्यांच्या वर झालं ना? मी म्हटलं, झालं. पाहायला भीती वाटते असंही म्हटलं, सरळ. ती म्हणाली, 'तुमी नका पाहू. मी पाहतो.'

दोघं केंद्रावर गेलो. मायक्रोस्कोप जुना आहे, आरसा सारखा घसरतो, तो मी बोटानं धरून ठेवला आणि तिनं डोळा लावला. मी भिंतीकडे पाहत होतो. बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती, रेतनासाठी कुणी घेऊन आलं असेल, पण मी हललो नाही. हंसा किती वेळ पाहत होती सांगता येणार नाही.

मग ती डोळा न काढताच बोलली.

'बाजार नाई भरला अजून,' ती म्हणाली. 'पन लोकं निंगाले घरून.'